बीडच्या रुळांची तीस वर्षे

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे सुटली, तेव्हा वृत्तवाहिन्यांवरील चर्चा श्रेय कोणाचे याभोवतीच फिरत राहिली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर होऊनही बीडपर्यंत पोहोचण्यास तीस वर्षे का लागली, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्याचे उत्तर रेल्वेच्या पैशांच्या वाटपात शोधावे लागते. १९२४ मध्ये अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीनुसार रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला. तेव्हापासूनची साडेसहा दशके येथे ओलांडून जाण्यास हरकत नाही. खरा धडा नव्वदच्या दशकात आहे. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, केंद्रासह महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांनी भागभांडवल घातले आणि उरलेला बराच पैसा कर्जरोख्यांतून, म्हणजे ठरावीक व्याजाने घेतलेल्या कर्जातून, उभा राहिला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सह्याद्रीचे कातळ फोडून, ढासळणाऱ्या मातीत बोगदे खणून, करबुडे येथील साडेसहा किलोमीटरचा बोगदा पुरा करून २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत संपूर्ण मार्ग खुला झाला. सरकारे बदलली, तरी काम तडीस गेले.

त्याच दशकात मंजूर झालेल्या बीडच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षे नाममात्र तरतूद आली. नाममात्र तरतूद म्हणजे प्रकल्प कागदावर जिवंत राहील, पण माती हलणार नाही, एवढीच रक्कम. डोंगर कोकणात अधिक कठीण होते, निर्धार मराठवाड्याच्या बाबतीत कमी पडला. पुढे राज्याने निम्मा खर्च उचलला, तेव्हा कुठे कामाला वेग आला आणि तोवर खर्च कित्येक पटींनी वाढला होता.

२०१७ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला आणि वर्षातून एक दिवस का होईना, जिल्ह्याजिल्ह्यांतील मार्गांवर होणारी चर्चाही ओसरली. प्रत्येक प्रकल्पाची तरतूद नोंदवणारे ‘पिंक बुक’ आजही निघते. ते उघडून बीड, वर्धा–यवतमाळ–नांदेड अशा मार्गांपुढचे आकडे प्रेक्षकांना समजावून सांगण्याऐवजी वृत्तवाहिन्यांवरचे विश्लेषक वंदे भारत आणि बुलेट ट्रेनवरच तासन् तास घालवतात, ही या व्यवसायाची गंभीर चूक आहे. बीडला गाडी आली, त्या दिवशी परळीपर्यंतचा पुढचा टप्पा अपुराच होता.