माळावरच्या वाटा : काळवीट कुंपणाबाहेरच का दिसतं?

खर्ड्याचा किल्ला या आठवड्यात दाखवीन म्हणालो होतो. पण अहिल्याबाई होळकरांच्या चोंडीवरचा मागचा भाग वाचून मिरजगावच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. ते लिहितात, ‘आमच्या हरभऱ्यात रोज सकाळी पंधरा-वीस हरणं उभी असतात. मग मुद्दाम रेहेकुरीला कशाला जायचं?’ प्रश्नात चेष्टा आहे, थोडा राग आहे आणि बरंचसं खरंही आहे. खर्डा इतकी वर्षं जागचा हललेला नाही, तो आणखी आठवडाभर थांबेल.

आधी आकडे पाहू. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारातही एवढी जमीन सहज बसेल. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला काळविटांसाठी राष्ट्रीय उद्यान आहे. ते सुमारे ३४ चौरस किलोमीटरचं, म्हणजे रेहेकुरीच्या जवळजवळ सोळापट. राष्ट्रीय उद्यान आपल्या वाट्याला नाही, आहे ते एवढंसं अभयारण्य.

रेहेकुरीच्या एकच वर्ष आधी, १९७९ मध्ये, याच भागात नेमकं उलटं झालं होतं. माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आलं. त्यात कर्जत आला, श्रीगोंदा आला, करमाळा आला. गावं, शेतं, बाजारपेठा सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी ते १२२२ चौरस किलोमीटरवर आलं. माळढोक मात्र दिसेनासाच झाला. एका प्राण्याला अख्खे तालुके दिले, दुसऱ्याला एक शिवार. तगला तो शिवारवाला.

का तगला, याचं उत्तर मिरजगावकरांच्या हरभऱ्यात आहे. रेहेकुरी हे काळविटांचं घर म्हणा, पण ताट बाहेर मांडलेलं असतं. कळप रात्री-पहाटे कुंपणाबाहेर पडतात, गायरानात, पडीक रानात, कोवळ्या ज्वारीत चरतात आणि ऊन चढलं की सावलीला येतात. आजूबाजूची कोरडवाहू शेती आणि उघडे माळ नसते, तर २१७ हेक्टरात हा प्राणी कधीच कोंडून संपला असता. म्हणजे अभयारण्याचा निम्मा खर्च शेतकरी उचलतो. पीकनुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, पण अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

तरीही रेहेकुरीला जायचं ते दुसऱ्या कारणासाठी. शेतात दिसतं ते पळणारं हरीण, आत दिसतं ते नांदणारं. सूर्य उगवायच्या वेळी तिथे असा आणि एकाच नरावर नजर ठेवा. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगांना पीळ. मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून तो आपल्या हद्दीत मिरवत चालतो आणि घशातून घुरघुरतो. डोळ्याखाली एक काळी चीर दिसते, ती ग्रंथी. वाटेतल्या काडीच्या टोकावर ती अलगद घासून तो पुढे जातो. हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग असतो, त्यात रोज भर पडते. दुसऱ्या नराने काय ते समजून घ्यायचं! तांबूस रंगाच्या, बिनशिंगी माद्या बाजूला चरत असतात. त्यातली एखादी बिचकून उंच उडी घेते आणि मागोमाग कळपातल्या इतरही. ही उडी शेतातही दिसते, पण तिथे तुमच्या हातात दगड असतो.

एवढा वेग या प्राण्याला कशाला, असं कोणीही विचारील. त्याच्यामागे एके काळी चित्ता होता. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार होत असे. १९५२ मध्ये चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. आता माळावर लांडगा उरला आहे. लांडग्यापासून जीव वाचवायचा तर काळविटाला लांबवर दिसायला हवं आणि पळायला मोकळं हवं. दाट झाडी वाढली की दोन्ही जातं.

मिरजगावकरांच्या निमित्ताने मला खरं बोलायचं होतं ते इथे. आपल्याकडे माळ म्हटला की ‘पडीक’ असा शिक्का. मग पावसाळा आला की उत्साही मंडळी बीजगोळे घेऊन निघतात, खड्डे खणतात, फोटो निघतात. हेतू चांगला, जागा चुकीची. पवना, मारवेल, कुसळी हेच इथलं जंगल. टिटवी, चंडोल, धाविक यांची घरटी त्याच जमिनीवर असतात. तिथे झाडोरा माजवणं म्हणजे तळं बुजवून बाग करण्यासारखं आहे.

आता दिवसाचा हिशेब. जामखेडहून पहाटे निघा, उन्हं कोवळी असतानाच रेहेकुरी उरका. पिकं उभी असताना कळप ज्वारीत बुडतात, सुगी झाली की लांबूनही दिसतात. दहाच्या सुमारास राशीनला यमाईच्या देवळात जा. तिथली दीपमाळ वर चढून हलवली की खरोखर डुलते. तिथून भीमाकाठी सिद्धटेक. गणपती उजव्या सोंडेचा, देऊळ अहिल्याबाईंनी बांधलेलं. म्हणजे चोंडीचा धागा इथवर येतो. पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके १७९४ मध्ये इथेच वारले. पुढच्याच वर्षी मराठी फौजा खर्ड्याला निजामावर चालून गेल्या, तेव्हा ते नव्हते. परतताना संध्याकाळी गाडी रस्त्याकडेला लावा आणि खाली न उतरता माळाकडे पाहा.

तेव्हा विनंती दोनच. गाडी माळात घालू नका आणि बीजगोळे माळावर टाकू नका. झाडं जरूर लावा, पण गावाच्या रस्त्याला, शाळेच्या आवारात, स्वतःच्या बांधावर. पुढच्या आठवड्यात खर्डा, या वेळी नक्की.