पांढरी पेशी रक्ताबाहेर कशी पडते

पायात काटा मोडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे पू धरतो. पू म्हणजे घाण अशी आपली समजूत. पण तो बराचसा मेलेल्या पांढऱ्या पेशींचा गाळ असतो. काल-परवा त्या रक्तात वाहत होत्या. मग त्या बाहेर आल्या कुठून?

जर्मन वैद्यक युलियस कोनहाइम याने १८६७ साली बेडकाच्या आतड्याला धरून असलेला पातळ पडदा ताणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पांढऱ्या पेशी बारीक नीलेच्या भिंतीला चिकटत होत्या आणि न फुटलेल्या भिंतीतून पलीकडे उतरत होत्या.

आमच्या भैरवगढचे बाटिकचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मेणाच्या तड्यांतून झिरपणारा रंग आठवेल. रक्तातले पाणी साधारण तसेच झिरपते. सूज येते ती त्यामुळे. पेशीचे तसे नाही. तिला बोलवावे लागते.

काट्याबरोबर जंतू शिरले की तिथल्या ऊतकातल्या पहारेकरी पेशी रासायनिक हाक देतात. जवळच्या नीलेचे अस्तर आतल्या बाजूस सेलेक्टिन नावाचे रेणू उभे करते. धारेतून चाललेली पेशी त्यांना अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते. गडगडत पुढे जाते. तेवढ्यात भिंतीवरचे दुसरे रसायन तिला इशारा देते आणि तिच्या अंगावरचे इंटिग्रिन रेणू ताठ होऊन भिंतीला घट्ट धरतात. आता पेशी थांबते, चपटी होते, अस्तराच्या दोन पेशींमधल्या सांध्यातून अंग चोरून निघते आणि हाकेच्या दिशेने सरपटत जाते. थांबण्यापासून पार होण्यापर्यंतचे हे काम काही मिनिटांचे.

जाता जाता: स्टिरॉइड घेणाऱ्याच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. भिंतीची पकड ढिली झाल्याने त्या रक्तातच फिरत राहतात, हे त्याचे एक कारण. आकडा वाढला म्हणजे जोर वाढला, असे नव्हे.

ही पकड जन्मतःच नसेल तर? इंटिग्रिनचा सीडी १८ हा भाग आई आणि वडील दोघांकडूनही सदोष आला, तर बाळाच्या रक्तात पेशी दाटतात, पण जखमेवर पोचत नाहीत. मोठ्यांत एका घन मिलिमीटरला ४,००० ते ११,००० पेशी असतात. नवजात बाळात थोड्या अधिक. या बाळांत त्या पन्नास हजारांच्याही पुढे जाऊ शकतात. नाळ एरवी एक-दोन आठवड्यांत पडते, ती तीन-चार आठवडे लोंबत राहते. बेंबी लाल होते, चिघळते, पण पू होत नाही. पू नाही म्हणून घरचे निश्चिंत असतात. धोका नेमका तिथेच आहे.

नाळ उशिरा पडलेली बहुतेक बाळे ठणठणीत असतात, हेही सांगितले पाहिजे. पण ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर माझ्यासारख्या होमिओपॅथीच्या डॉक्टरने गोळ्यांची बाटली उघडू नये. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण न झाल्यास बहुतेक मुले पहिल्या दोन वर्षांत दगावतात. सीडी १८ ची तपासणी थोड्या रक्तावर, फ्लो सायटोमेट्रीने होते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी हे काम करते. उज्जैनहून अवंतिका एक्स्प्रेस रात्रभरात मुंबईला पोचते.