डोंगर इकडे, गिऱ्हाईक तिकडे (वेशीवरचा व्यापार : लेखांक ६)

मागच्या लेखात कंटेनरमधून चालणारा व्यापार पाहिला. आज डोक्यावरच्या टोपलीतून चालणारा पाहू.

मेघालयाच्या दक्षिण टोकाला खासी डोंगर एकाएकी तुटतो आणि पायथ्याशी सिल्हेटचं सपाट, पाणथळ मैदान सुरू होतं. उतारावर संत्री, सुपारी, विड्याची पानं, तमालपत्र. मैदानात तांदूळ आणि मासे. घाटावरचा गूळ-कांदा कोकणात उतरायचा आणि मीठ, सुकी मासळी वर चढायची, तसाच हा जुना व्यवहार. डोंगरातल्या चुनखडीलाही खालीच मागणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा इंग्रज कलेक्टर रॉबर्ट लिंडसे या चुनखडीच्या धंद्यात गबर झाला.

१९४७ साली सरहद्द पडली ती नेमकी डोंगर आणि मैदान यांच्यामध्ये. संत्र्याचं झाड भारतात राहिलं, गिऱ्हाईक पूर्व पाकिस्तानात गेलं. जो माल उतारावरून तासा-दोन तासांत बाजारी पोचायचा, तो आता चढ चढून शिलाँगच्या दिशेला न्यायचा. नाशवंत मालाला हे परवडत नाही. व्यापाराच्या अभ्यासात अंतर ही फार मोठी गोष्ट मानतात: अंतर वाढेल तशी देवघेव घटते. सरहद्द हे अंतर नकाशावर न दिसता वाढवते. उदाहरणार्थ, त्रिपुराच्या आगरताळ्याहून कोलकाता बांगलादेशातून गेल्यास सुमारे ५०० किलोमीटर; सिलिगुडीचा वळसा घालून सुमारे १,६००. ही तफावत निसर्गाने केलेली नाही, आणि तिची किंमत त्रिपुरातलं प्रत्येक घर वाण्याच्या दुकानात मोजतं.

ही तुटलेली देवघेव थोडी तरी जोडायला २३ जुलै २०११ रोजी मेघालयातच, गारो डोंगराच्या पायथ्याशी कलाईचर इथे भारत-बांगलादेशातला पहिला सीमा हाट, म्हणजे सरहद्दीवरचा बाजार, उघडला. पुढच्या वर्षी खासी डोंगरात बालाटला दुसरा, २०१५ मध्ये त्रिपुरात आणखी दोन. नियम साधे आहेत. सीमेलगत कुंपण घातलेली जागा, ठरलेला वार, पाच किलोमीटरच्या आतले विक्रेते, स्थानिक माल, रुपया आणि टाका दोन्ही चलनं चालतात, जकात नाही. सुरुवातीला एका माणसाला ५० डॉलरपर्यंतचीच खरेदी करता यायची. ती मर्यादा पुढे २०० डॉलरपर्यंत वाढवली.

ही उलाढाल दोन देशांच्या व्यापाराच्या आकड्यांत शोधूनही सापडणार नाही. म्हणून तिला किरकोळ म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हे मोजमापच चुकीचं वाटतं. सीमेवरच्या गावाला पर्यायी बाजार नसतो. तिथे शंभर रुपयांची विक्री म्हणजे आठवड्याचं तेल-मीठ. शिवाय उघड बाजार मिळाला की रात्रीच्या चोरवाटेची गरज कमी होते.

मोठ्या उद्योगालाही हेच शेजारपण उपयोगी पडतं. मेघालयातल्या खाणीतली चुनखडी सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून सरहद्द ओलांडून थेट बांगलादेशातल्या छातकच्या सिमेंट कारखान्यात जाते. दगड एका देशाचा, सिमेंट दुसऱ्याचं, आणि रोजगार दोन्हीकडे.

पण दोन राजधान्यांचं बिनसलं की पहिला फटका सीमेवरच्या माणसांना बसतो. १७ मे २०२५ रोजी भारताने बांगलादेशी तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच आणण्याचं बंधन घातलं. फळांची पेयं, बिस्किटं, प्लास्टिकच्या वस्तू ईशान्येच्या जमिनीवरच्या नाक्यांतून बंद केल्या. त्याआधी एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सुताला जमिनीवरची वाट बंद केली होती. आगरताळ्याच्या वेशीलाच आखौड्याचा नाका आहे. तिथल्या दुकानदाराला शेजारच्या जिल्ह्यातला सदरा हवा असेल, तर तो आता समुद्रातून यायचा.

देशांची भांडणं असतात, त्यांना कारणंही असतात. तरी टोपलीभर संत्री आणि पाटीभर मासळी यांना त्या भांडणातून वगळावं, एवढं दिल्ली आणि ढाका दोघांनाही जमण्यासारखं आहे. त्यांनी ते करावं.

पुढील लेखांकात : पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावर थांबलेला ट्रक.