महासंगणकाचा वेळ आणि डेटासाठा : मागणीचा अंदाज कसा बांधावा

माणिक चौकाची जुनी बाजारपेठ असलेल्या झाशीत आज राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. शिवाय चारा आणि कृषिवानिकी या विषयांवरील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या दोन संस्थाही तेथे आहेत. हरभरा हे बुंदेलखंडाचे महत्त्वाचे रब्बी पीक, मराठवाडा-विदर्भाचेही. अशा एखाद्या विद्यापीठाने हरभऱ्याच्या 100 वाणांचे जनुकीय विश्लेषण हाती घेतले, असे समजू. विभागातील संगणकावर हे काम महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणून महासंगणकाचा वेळ मागावा लागतो.

कृषी संशोधनासाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत ‘अशोका’ ही सुविधा आहे. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ घडवला. 2015 च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून पुण्याच्याच आयसरमध्ये 2019 साली ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. प्रवेशाचे नियम व शुल्क केंद्रागणिक वेगळे असतात.

मागणी ‘कोअर-तास’ या एककात करतात. प्रथम दोन-तीन वाणांवर चाचणी घ्यावी. एका वाणाला 16 कोअर 10 तास लागले, तर ते 160 कोअर-तास झाले. 100 वाणांसाठी 16,000. काही कामे बंद पडून पुन्हा चालवावी लागतात, म्हणून 20,000 मागणे योग्य ठरते. चाचणीविना लिहिलेला गोल आकडा परीक्षकाच्या लगेच ध्यानात येतो. मेमरीची गरजही याच चाचणीतून कळते.

खरी फसगत होते ती साठ्याच्या बाबतीत. हरभऱ्याचा जनुकसंच सुमारे 74 कोटी अक्षरांचा. प्रत्येक अक्षर सरासरी 30 वेळा वाचले, तर एका वाणामागे सुमारे 2,200 कोटी अक्षरे होतात. गुणवत्तेच्या खुणांसह ती न आवळलेल्या फाइलीत अंदाजे 44 जीबी जागा घेतात. 100 वाणांचे झाले 4.4 टीबी, आणि विश्लेषणातील मधल्या फाइली त्याहून वेगळ्या. गव्हाचा जनुकसंच तर सुमारे 1,700 कोटी अक्षरांचा. तेथे हे गणित वीसपटीहून पुढे जाते.

महासंगणकावरील ‘स्क्रॅच’ ही जागा खळ्यासारखी असते : मळणीपुरती, साठवणीसाठी नव्हे. अनेक केंद्रांत ठरावीक दिवसांनंतर तेथील फाइली आपोआप पुसल्या जातात आणि त्यांची दुसरी प्रतही ठेवलेली नसते. म्हणून मूळ डेटा कोठे आणि किती वर्षे राहील, हे अर्जातच लिहावे. जनुकीय डेटा कायमचा जमा करण्यासाठी फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे.

विस्तार कार्यकर्त्यांचा आणि शेतकऱ्यांचा संबंध येथे येतो. नमुन्यासोबत वाणाचे स्थानिक नाव, गाव, पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार आणि पाण्याच्या पाळ्या यांची नोंद नसेल, तर 20,000 कोअर-तास खर्चूनही मर रोगाला तग धरणारे झाड कोणत्या परिस्थितीत तगले, हे उमगत नाही. ही नोंद काही केबींची असते. पण एकदा हरवली तर कोणताही महासंगणक ती परत देऊ शकत नाही. नोंदीत शेतकऱ्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालावा आणि नावांची यादी विद्यापीठाकडे स्वतंत्र ठेवावी.