‘खात्री आहे का?’ आणि एंटरचे बटण

लोणंदच्या कांदा बाजाराचे नाव सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समजा, तिथल्या एखाद्या पेढीवर लिलाव आटोपले आहेत आणि संगणकावर बसलेला मुलगा एकामागून एक पट्ट्या करतो आहे. एका शेतकऱ्याची नोंद दोनदा झाली म्हणून तो त्यातली एक काढायला जातो. पडद्यावर प्रश्न येतो, ‘आपली खात्री आहे का?’ ‘होय’ या बटणाभोवती आधीच चौकट असते. सकाळपासून दोनशे वेळा एंटर दाबलेले बोट पुन्हा एंटर दाबते. नोंद जाते खरी, पण ती त्याच आडनावाच्या, शेजारच्या गावच्या शेतकऱ्याची. २० क्विंटल कांदा, १,५०० रुपये दर, म्हणजे ३०,००० रुपयांची नोंद पुसली गेली.

संगणकाने विचारले होते, मुलाने उत्तरही दिले होते. तरी विचार कोणीच केला नव्हता. काही न निवडता एंटर दाबले तर कोणते उत्तर धरायचे, हे फॉर्म बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. त्याला ‘डीफॉल्ट’ म्हणतात. आपण गृहीत उत्तर म्हणू. घाईच्या वेळी खरा निर्णय या गृहीत उत्तराचाच असतो.

म्हणून जाणकार काही पथ्ये पाळतात. पहिले, उठसूट विचारू नये. प्रत्येक नोंदीला ‘खात्री आहे का?’ विचारले की माणूस प्रश्न वाचणेच सोडतो. दुसरे, विचारायचेच तर काय होणार ते पूर्ण सांगावे: ‘अमुक गावचे अमुक, ४० पिशव्या, ३०,००० रुपये, ही नोंद काढली जाईल.’ बटणांवरही ‘होय-नाही’ऐवजी ‘नोंद काढा’ आणि ‘राहू द्या’ असे लिहावे. तिसरे, गृहीत उत्तर नेहमी ज्यात नुकसान कमी ते ठेवावे. इथे ते ‘राहू द्या’. रकान्यांचेही तसेच. तारीख आजची आपोआप आली तर सोय होते. पण आधीच्या शेतकऱ्याचा दर पुढच्याच्या पट्टीत आपोआप आला, तर ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे रकाना रिकामा राहिलेला बरा.

हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. सातबाऱ्यावर फेरफार करायचा झाला की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठी नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकतीला १५ दिवस. हरकत आली नाही, तर मंडल अधिकारी कागदपत्रे पाहून नोंद प्रमाणित करतात. म्हणजे इथे मौनाचा अर्थ ‘हरकत नाही’ असा धरला जातो. पुढे कलम १५७ प्रमाणे ती नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. मुंबईला कामाला असलेल्या भावापर्यंत नोटीस पोहोचलीच नाही, तर त्याचेही मौन संमतीतच जमा होण्याचा धोका असतो. गप्प राहण्याला अर्थ द्यायचा असेल, तर आधी प्रश्न त्या माणसापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

हस्तलिखित सातबारे संगणकावर घेताना चुका राहिल्या, तेव्हा २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवायचा आणि चूक असेल तर लोकांनी सांगायची. खात्री करून घेण्याची ही रीत चांगली, कारण इथे नुसते ‘बरोबर आहे का?’ असे न विचारता मजकूरच समोर ठेवला गेला, आणि ज्याची जमीन त्याच्यापुढे.

जुन्या दप्तराची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेले नाव खोडून नाहीसे करीत नसत. त्याला कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक लिहीत. नाव वाचता येई, ते का गेले तेही शोधता येई. पेढीवरच्या संगणकालाही हे सहज जमते: नोंद पुसायची नाही, ‘रद्द’ अशी खूण करून ठेवायची, कोणी आणि केव्हा रद्द केली ते सोबत लिहायचे. मग चुकून एंटर दाबले गेले तरी संध्याकाळी हिशेब जुळवताना ती नोंद परत आणता येते, आणि शेतकऱ्याचे ३०,००० रुपये त्याच्या नावावर राहतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)