तरणतलावाचं पाणी

नितळ पाणी सुरक्षित असतंच असं नाही. आधी टेस्ट किटने पीएच पाहा; तो ७.२ ते ७.८ हवा. वर गेला की क्लोरीन असूनही जंतू मारायला तोकडं पडतं. मोकळं क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम पुरे. ऊन ते खाऊन टाकतं, म्हणून मात्रा संध्याकाळी द्या.

नाकाला झोंबणारा वास आला की अनेक जण क्लोरीन कमी करतात. उलट, घाम-लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार झाल्याची ती खूण. म्हणजे क्लोरीन कमी पडतंय! पोहण्याआधी शॉवरचा आग्रह धराच.

क्लोरीनची पावडर बादलीतल्या पाण्यात घाला, पावडरीवर पाणी कधीच ओतू नका. दोन प्रकारची क्लोरीनं एकत्र मिसळणं तर जिवावर बेतू शकतं. फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा चढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून तो धुवा.