झाडावरच्या सापाचे विष

पुण्याहून नगरच्या रस्त्याने जाताना रांजणगावच्या महागणपतीचे देऊळ मागे पडले, की थोड्याच वेळात कारेगावची हद्द लागते. एके काळी केवळ जिराईत जमिनीवर आणि मृगाच्या भरवशावर जगणारे शिरूर तालुक्यातील हे गाव आज औद्योगिक वसाहतीच्या वर्दळीने वेढले गेले आहे. तथापि बांधावरच्या बाभळी, बोरींची जाळी, करंज आणि कुंपणावर पसरलेल्या वेली यांचा मागमूस अजून पुसला गेलेला नाही, आणि जेथे अशी झाडोऱ्याची जागा उरते तेथे सरडे राहतात, सरडे राहतात म्हणून सापही राहतात. पावसाळ्यात एखाद्या झुडुपावर पोपटी रंगाचा, बोटाहून फारसा जाड नसलेला, पण चार-पाच फूट लांब असा एक साप वाऱ्याबरोबर हलकेच डोलताना दिसतो. हाच हरणटोळ होय. त्याच्याविषयी दोन समजुती प्रचलित आहेत. पहिली जुनी: तो माणसाच्या टाळूचा नेम धरून झेप घेतो, आणि त्याने टाळू फोडली की माणूस वाचत नाही. दुसरी अलीकडची, विशेषतः शिकलेल्या तरुण मंडळींत रूढ झालेली: झाडावरचा साप मुळी बिनविषारीच असतो, तेव्हा तो खुशाल हातात घ्यावा. पहिल्या समजुतीने असंख्य निरुपद्रवी जीवांचा नाहक बळी घेतला आहे. दुसरी केव्हा तरी माणसाचा बळी घेईल, अशी धास्ती मला वाटते.

टाळू फोडण्याची गोष्ट निखालस खोटी आहे. हरणटोळ माणसाच्या डोक्याच्या उंचीवरील फांदीवर वावरतो, आणि कोणी अगदी जवळ गेले तर जबडा उघडून, अंग फुगवून, खवल्यांमधील काळ्या-पांढऱ्या कातडीचे पट्टे दाखवून भिवविण्याचा प्रयत्न करतो. त्याचे लांबट, टोकदार मुस्कट आणि आडव्या बाहुलीचे डोळे त्या वेळी उग्र दिसतात, आणि एवढ्यावरून ही दंतकथा उभी राहिली असावी. तामिळनाडूकडे तो डोळे फोडतो असे मानतात. तिकडेच, आपण ज्याला रुखई म्हणतो त्या तपकिरी पाठीच्या चपळ सापाविषयी तर अशी वदंता आहे, की दंश केल्यावर तो झाडावर चढून बसतो आणि मृताच्या चितेचा धूर पाहिल्यावरच खाली उतरतो. वस्तुतः रुखईच्या दातांत माणसाला बाधेल असे काहीच नाही.

परंतु हरणटोळाची गोष्ट निराळी आहे. त्याला विष आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या सापांचे विषदंत जबड्याच्या पुढच्या भागात असतात, ते आतून पोकळ असतात, आणि विषग्रंथीवर स्नायूचा दाब पडताच साठविलेले विष क्षणार्धात भक्ष्याच्या शरीरात खोल उतरते. हरणटोळाची रचना याहून वेगळी. त्याचे विषदंत वरच्या जबड्यात बरेच मागे, डोळ्याच्या खालच्या बाजूस असतात. ते पोकळ नसून त्यांना केवळ खोबण असते. आणि डोळ्यामागच्या ज्या ग्रंथीतून विष पाझरते तीत विषाचा मोठा साठा नसतो, की ते जोराने बाहेर लोटण्याची सोयही नसते. दूव्हेर्न्वा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाचे नाव या ग्रंथीला दिलेले आहे. विष असे सावकाशच पाझरत असल्यामुळे सरडा पकडल्यावर हरणटोळ त्याला मानेपाशी धरून फांदीवरून अधांतरी उचलतो आणि तो निश्चल होईपर्यंत सावकाश चावत राहतो. असा चावा माणसाच्या बोटाला बसला तर वेदना होते, सूज येते, काही वेळ बधिरपणाही जाणवतो, आणि दोन-तीन दिवसांत सारे ओसरते. आपल्याकडील सर्पमित्र अशा सापांना निमविषारी म्हणतात. या सापाचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ ‘अहेतुल्ला नासुटा’ असे मानले जात होते. २०२० साली भारतीय संशोधकांनी ते नाव श्रीलंकेतील सापापुरते राखून, द्वीपकल्पाच्या सखल व कोरड्या प्रदेशातील सापाला ‘अहेतुल्ला ऑक्सिऱ्हिंका’ म्हणून वेगळे ओळखले.

मग विष असून ते आपल्याला का बाधत नाही? या प्रश्नाचे मला अतिशय मनोवेधक वाटणारे उत्तर मांजऱ्या सापाच्या कुळात सापडते. मांजऱ्या हा रात्री हिंडणारा, उभ्या बाहुलीच्या मोठ्या डोळ्यांचा साप; पाली, सरडे, लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य. त्याचाच एक भाऊबंद, तपकिरी वृक्षसर्प, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लष्करी मालाबरोबर प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर पोहोचला आणि त्याने तेथील बहुतेक सारे देशी वनपक्षी नामशेष करून टाकले. त्याच्या विषातील मुख्य द्रव्याचे पृथक्करण झाले तेव्हा असे आढळले, की ते पक्षी आणि सरडे यांच्या मज्जातंतूंचा स्नायूंशी असलेला व्यवहार तात्काळ बंद पाडते, परंतु उंदराला त्याची जवळजवळ बाधाच होत नाही. अर्थात विष हे निरपेक्ष नव्हे. ते कोणासाठी घडले आहे यावर त्याचे सामर्थ्य अवलंबून असते. झाडावरच्या सापाचे विष झाडावरच्या भक्ष्यासाठी घडलेले असते आणि त्या भक्ष्यात माणसाची गणना नाही.

येथवर वाचून कोणी निर्धास्त होणार असेल, तर त्याने कार्ल श्मिट यांची हकीकत अवश्य जाणून घ्यावी. श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियममधील विख्यात सर्पशास्त्रज्ञ. सप्टेंबर १९५७ मध्ये शहरातील प्राणिसंग्रहालयाने त्यांच्याकडे एक लहानसा साप ओळख पटविण्यासाठी धाडला. तो आफ्रिकेतील बूमस्लँग, म्हणजे मागच्या विषदंतांचाच एक वृक्षसर्प होता. तो हाताळताना त्यांच्या अंगठ्याला चावला. एवढ्याशा पिल्लाच्या दंशाने जिवावर बेतेल असे त्यांना वाटले नाही. ते इस्पितळात गेले नाहीत. स्वतःच्या प्रकृतीत पडणारा फरक ते वहीत टिपत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. विषाने त्यांच्या रक्ताची गोठण्याची शक्तीच नष्ट केली होती. पुढे १९७५ साली जर्मनीचे रॉबर्ट मेर्टेन्स हेही आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका वृक्षसर्पाच्या दंशाने मरण पावले. हे दोघे नवखे नव्हते. हरणटोळ म्हणजे बूमस्लँग नव्हे, हे खरे. परंतु ‘मागचे विषदंत’ एवढी एकच खूण निर्भयतेचा परवाना म्हणून पुरत नाही, हे या दोन मृत्यूंनी कायमचे दाखवून दिले आहे.

आपल्याकडे याहून मोठा धोका ओळखीतल्या गफलतीचा आहे. भीमाशंकराच्या बाजूच्या सह्याद्रीत चापडा नावाचा हिरवा साप झुडुपांवर असतो. त्याचे डोके रुंद व त्रिकोणी, अंग आखूड व जाड, नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये एक खळगी, आणि विषदंत पुढे. केवळ हिरवा रंग पाहून हरणटोळ समजून त्याला हात लावणारा चांगलाच पस्तावेल. शिरूरच्या खडकाळ माळांवर चापडा नाही, पण तेथे मांजऱ्या आणि फुरसे यांची गल्लत होते. दोघांच्याही तपकिरी अंगावर नक्षी असते, आणि ही चूक दोन्ही दिशांनी घडते. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने फुरशाच्या प्रत्येक मृत देहामागे इनाम लावले, तेव्हा अवघ्या काही दिवसांत लाखाहून अधिक साप मारून आणले गेल्याची नोंद आहे. त्या ढिगांत किती मांजऱ्या असतील, याची मोजदाद कोणी केली असेल असे मला वाटत नाही. शिवाय नागही प्रसंगी झाडावर चढतो. घरट्यातली अंडी-पिल्ले त्यालाही प्रिय आहेत. म्हणजे साप कोठे दिसला यावरून तो कोण हे ठरविता येत नाही.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीने केला. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतले बहुसंख्य मृत्यू खेड्यापाड्यांतले. आपल्याकडील प्रतिविष लस घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते. परळच्या हाफकिन संस्थेचे या कामातले नाव जुने आहे. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरच चालते. हरणटोळासाठी ती नाही आणि तिची गरजही नाही. उलट घोड्याच्या रक्तद्रवाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकत असल्यामुळे ती विनाकारण टोचणे अपायकारकच. पण ही निवड करणे डॉक्टरचे काम आहे. दंश झालेल्या मनुष्याने किंवा त्याच्या आप्तांनी ‘हिरवा होता, झाडावर होता’ एवढ्या पुराव्यावर घरी थांबू नये, मांत्रिकाच्या दारी वेळ दवडू नये, जखम कापू वा चोखू नये, आणि सापाच्या मागे काठी घेऊन धावून दुसरा दंश ओढवून घेऊ नये. दंशाचा अवयव हलू न देता रुग्णाला सरळ दवाखान्यात न्यावे.

तेथे साप दाखविण्याची आवश्यकता नसते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे स्थिर ठेवतात. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय दृढ होतो. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता वा बोलता येईनासे झाले, तर नाग किंवा मण्यार. आणि मण्यारीचा दंश इतका नाजूक असतो की पुष्कळदा त्याची खूणही दिसत नाही, म्हणून रक्त गोठले तरी रुग्णावर नजर ठेवावीच लागते. ही लक्षणे पुढचे चोवीस तास उमटली नाहीत, रक्तही पुन्हापुन्हा पाहता नीट गोठत राहिले, तर डॉक्टर धनुर्वाताची सुई देऊन, जखम धुऊन, रुग्णाला लस न टोचताच घरी पाठवितात.